आधी टेप, मग एक्सल: जुन्या पिकअपला मागचा एक्सल निवडताना

मामांचा पिकअप चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, केरीच्या वर चढताना थांबला. इंजिन सुरू होतं, गिअर पडलेला होता, खाली वाकून बघितलं तर गिअरकडून मागे येणारा लांब शाफ्टही फिरत होता. गाडी मात्र जागची हलत नव्हती. डाव्या चाकातून कटकट आवाज येत होता. घरी ओढून आणून चाकाच्या मधला हब बघितला, तेव्हा मधला मोठा नट बोटांनी फिरला. त्याची पिन कधीतरी तुटून पडली होती. नट सैल झाला, हब चाकाला फिरवणाऱ्या आडव्या शाफ्टच्या निमुळत्या टोकावर हलायला लागला आणि दोघांना बांधून ठेवणारी पोलादी चावी कातरली गेली. शाफ्टचं टोक खरवडून निघालं होतं, हबचं भोकही गेलं होतं.

सत्तरी तालुक्यातल्या कुळागरातून, म्हणजे बागायतीतून, नारळ, सुपारी आणि कधी चिरे वाहणारी ही गाडी जीपच्या लांब चासीवर बांधलेली आहे. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिचंच हे पुढचं कूळ. गोव्यात अशा गाड्या अजून कितीतरी अंगणांत उभ्या आहेत. त्यांचे मालक एक्सल शोधत फिरतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, "मजबूत कुठला?" आम्हीही हाच विचारला आणि सहा महिने घालवले. तो प्रश्न पाचव्या-सहाव्या नंबरावर विचारायचा असतो. त्याआधी विचारायचे प्रश्न आधी सांगतो.

एक्सल करतो काय, ते पहिल्यांदा बघू. बैलगाडीचा आस जागच्या जागी राहतो आणि चाकं त्याच्यावर सुटी फिरतात. मोटारीच्या मागच्या एक्सलवर एकाच वेळी तीन कामं पडतात. तो गाडीचा भार उचलतो. लांबीच्या दिशेनं येणारं शाफ्टचं फिरणं आडवं वळवून, वेग कमी आणि ताकद जास्त करून चाकांना देतो. आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. हे तिसरं काम मधल्या फुगीर डब्यातल्या डिफरन्शियलचं. दोन चाकांमधलं अंतर १.२५ मीटर असेल, तर प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ २ मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की छोटं, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट जोडलेली असती, तर प्रत्येक नाक्यावर टायर घासले असते. पण याच सोयीमुळे एका बाजूचं चाक किंवा हब मोकळा फिरायला लागला, की सगळं फिरणं तिकडेच वाहून जातं. केरीच्या चढावर आमचं तेच झालं.

म्हणून सगळ्यात आधी एक सल्ला: जुना एक्सल टाकून देण्याआधी तो नीट उघडून बघा. शाफ्ट, हब, बेअरिंग, सील हे सुटे बदलतात. क्राउन, म्हणजे डब्यातलं मोठं दातांचं चक्र, आणि पिनियन, म्हणजे त्याला फिरवणारं छोटं चक्र, मात्र जोडीनंच बदलायचे, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन एकत्र आला, तर तो गुणगुणत राहतो आणि लवकर झिजतो. खरा निकाल हाऊसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर लागतो. नळी वाकलेली असेल किंवा बेअरिंग बसायची जागाच सैल झाली असेल, तरच दुसऱ्या एक्सलचा विचार करावा. आमच्याकडे बेअरिंगची जागा गेली होती आणि क्राउनच्या दातांवर खड्डे पडले होते, त्यामुळे बदल अटळ होता.

आता पहिला प्रश्न: रेशो किती?

रेशो म्हणजे चाक एकदा फिरायला लांब शाफ्टला किती वेळा फिरावं लागतं तो आकडा. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. विलीजच्या कुळातल्या पुष्कळ गाड्यांत ४३ आणि ८ दात असतात, म्हणजे ५.३८. एक्सल न उघडताही हे मोजता येतं. गिअर न्यूट्रल करा, एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅकवर उचला, शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजा. एक चाक स्थिर असल्यामुळे दोन फेऱ्यांत क्राउन एकदा फिरतो, म्हणून मोजलेला आकडा हाच रेशो. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त दिसलं, तर ५.३८. जमिनीवरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावायला विसरू नका. जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सचं फिरणं पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या डब्याच्या, मागे शाफ्टलाच धरतो. हे मोजताना तो सोडलेलाच असणार. मागचा शाफ्ट उतरवला, की हँडब्रेक ओढूनही गाडी उभी राहणार नाही.

आता या आकड्याचा रस्त्यावर अर्थ काय? आमच्या टायरचा एक फेरा म्हणजे २.४ मीटर; अंगणात गाडी ढकलून टेपनं मोजलेला. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४१७ फेरे घेतं. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. म्हणजे ५.३८ वर इंजिन २,२४० च्या आसपास, ४.८८ वर २,०३०, आणि ४.१० वर १,७१०. ताशी ८० ला हेच आकडे अनुक्रमे २,९९०, २,७१० आणि २,२८० होतात.

नुसतं हे वाचलं तर ४.१० घ्यावासा वाटतो: इंजिन शांत, पेट्रोल कमी, पणजीला जाताना कानाला सुख. मामांनाही तोच मोह झाला होता. पण विलीजचं जुनं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचं, आणि त्याचा सगळ्यात जास्त जोर २,००० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. म्हणजे ५.३८ वर ताशी ६० चालताना इंजिन नेमकं जोराच्या जागी असतं. ज्यांनी हा रेशो ठरवला, त्यांच्या डोळ्यांपुढे भरलेली गाडी आणि चढ होता. ४.१० लावला, की चाकांपाशी पोचणारा जोर जवळजवळ चोवीस टक्क्यांनी कमी होतो. जो चढ तिसऱ्यात निघत होता, तो दुसऱ्यात काढावा लागतो. चोर्ला आणि अनमोड तर सोडाच, बोरीचा चढसुद्धा भरल्या गाडीला जाणवतो.

गाडीत डिझेल इंजिन बसवलेलं असेल, तर हिशेब उलटा होऊ शकतो. डिझेलचा जोर खालच्या फेऱ्यांवर असतो आणि त्याची वरची मर्यादाही लवकर येते, तिथं ५.३८ वर इंजिन विनाकारण ओरडत राहतं. म्हणून कुणी "चांगला रेशो कोणता" विचारलं, तर मी आधी इंजिन कुठलं, टायर केवढा आणि गाडी काय वाहते हे विचारतो.

आणि फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. यात सूट नाही. मागे ४.१० आणि पुढे ५.३८ ठेवून फोर-व्हील लावलं, तर मागची चाकं १०० मीटर जायला बघतात तेवढ्यात पुढची ७६ मीटरच जाऊ देतात. चिखलात टायर सरकून हा वाद मिटवतात. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही. ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि जो भाग कमजोर असेल तो तुटतो.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आम्हीही विचारला नव्हता: मधला डबा कुठे आहे?

बहुतेक मालवाहू गाड्यांत तो दोन चाकांच्या मधोमध असतो. जुन्या जीपमध्ये तो उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्ट बाहेर पडतो तोच उजव्या अंगानं. गोव्याबाहेरच्या एका भंगारवाल्याकडून मामांनी जो एक्सल आणला, त्याचा रेशो ४.१० होता, पाच नट जुळत होते, ड्रम मोठे होते, लांबी बोटभर कमी-जास्त. टेम्पोतून उतरवताना सगळे खूश होते. साखळी गावचे आमचे मेस्त, म्हणजे मेकॅनिक, मात्र ओणवे होऊन दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "मामा, बाकी सगळं बसवीन मी. पण डबा मधोमध आहे. शाफ्ट तिरका जाणार, तो बघितलात का?"

बघितला नव्हता. फरक होता १५ सेंटीमीटर आणि शाफ्टची लांबी ९० सेंटीमीटर. म्हणजे वरून बघितलं तर शाफ्ट साडेनऊ अंश तिरका. बाजूनं बघितलं तर चारेक अंश उतार होताच. दोन्ही मिळून क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्यावर, पडणारा कोन दहा अंशांच्या वर गेला. क्रॉस तिरका चालतो, तेव्हा त्याच्या पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि क्रॉस धरणारे शाफ्टचे दोन्ही काटे एका रेषेत असले, तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक भरून काढतो आणि पिनियनला फिरणं सरळ मिळतं. पण मधला शाफ्ट धक्के खातच राहतो, आणि वेग वाढला की ते धक्के वाढतात. जलद फिरणाऱ्या शाफ्टला तीनेक अंशांचा कोन बरा. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डा पाडतात.

तरी आम्ही तो एक्सल बसवून बघितला, पुढचा शाफ्ट काढून ठेवून. स्पीडोमीटरचा काटा ४६ वर गेला, की सीटखालून थरथर सुरू व्हायची. मेस्तांनी विचारलं, "काटा ४६ दाखवतो, पण गाडी कितीवर आहे?" जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. त्याला वाटत होतं मागे अजून ५.३८ आहे. प्रत्यक्षात गाडी ६० वर धावत होती. काट्यानं ६० दाखवले असते, तेव्हा ती ७९ वर असती. जुने ब्रेक आणि ओला रस्ता असताना हा फरक जीवावर बेतू शकतो. रेशो बदलणाऱ्यानं स्पीडोमीटरची चक्रीही बदलायलाच हवी, त्याच दिवशी.

आता मापं. एक्सलची लांबी सांगताना लोक नळीची किंवा टायरच्या बाहेरच्या कडेची सांगतात. लागते ती ड्रमच्या ज्या तोंडावर चाक टेकतं, त्या तोंडापासून पलीकडच्या तोंडापर्यंतची. गाडीखाली टेप सरळ जात नाही, म्हणून दोन्ही तोंडांवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर तसंच घ्या. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक वेगळ्या ऑफसेटच्या, म्हणजे थोड्या आत किंवा बाहेर बसणाऱ्या, चाकांनी निभावतो. त्याहून लांब एक्सल कापून छोटा करता येतो, पण मग शाफ्टही कापून नव्या लांबट खाचा, म्हणजे स्प्लाइन, पाडाव्या लागतात. शाफ्टची पृष्ठभागाची कडक केलेली कातडी तिथं निघून जाते. नवीन शाफ्ट करून घेता येत नसेल, तर मी या वाटेला जाणार नाही.

पाच नटांच्या चाकाचा पीसीडी, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या स्टडांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, समोरासमोर मोजता येत नाही, कारण पाचमध्ये समोरासमोर कुणीच नसतं. शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांमधलं अंतर घ्या आणि १.७ नं गुणा. जीपचा १३९.७ मिलिमीटर म्हणजे साडेपाच इंच. तिथं शेजारचं अंतर ८२ भरतं. ६७ भरलं तर तो ११४.३ चा, आणि ९४ भरलं तर १६० चा. मधलं भोकही बघा. स्टड जुळूनही चाक हबवर चढत नाही असं होतं. जुन्या विलीजच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, तेही लक्षात ठेवा. आमच्या आणलेल्या एक्सलला दोन्हीकडे सुलटे होते. पंक्चर काढणाऱ्या पोरानं जुन्या सवयीनं डावीकडे उलटा जोर लावला आणि दोन स्टड मोडले.

आता मजबुतीचा प्रश्न विचारायला हरकत नाही. एक्सल दोन जातींचे. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाकाला फिरवतोही आणि भारही उचलतो. शाफ्ट मोडला तर चाक निघून येऊ शकतं. फुल-फ्लोटिंगमध्ये हब दोन बेअरिंगांवर थेट हाऊसिंगच्या टोकावर बसतो, भार हाऊसिंग घेतं आणि शाफ्ट फक्त पीळ सोसतो. ओळखायला सोपं: चाकाच्या मधून हब बाहेर डोकावतो, त्यावर बोल्टांचं कडं असतं, आणि ते काढून चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट उपसता येतो. खाणीवरच्या ट्रकांचे शाफ्ट असे रस्त्याच्या कडेला उपसलेले डिचोलीकडच्या माणसांनी पाहिले असतील.

मग फुल-फ्लोटिंगच का घेऊ नये? जर गाडी रोज चिरे वाहणार असेल तर जरूर घ्या. पण मोठा एक्सल जड असतो, आणि त्याचं वजन पाट्यांच्या खाली लोंबतं. हलक्या, रिकाम्या पिकअपमध्ये तो प्रत्येक खड्ड्यात उडतो, टायर रस्ता सोडतात. डबा मोठा म्हणजे जमिनीपासूनची उंचीही कमी. निमुळत्या टोकाच्या शाफ्टपेक्षा, ज्याला चाकाची थाळी अखंड घडवलेली असते असा नंतरचा शाफ्ट साध्या वापराला पुरतो, आणि त्यात चावी कातरण्याची भानगडच नाही. आमची निवड शेवटी तीच झाली.

ब्रेकबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. मागे मोठे ड्रम आणि मोठे सिलिंडर आले, की पुढचे ब्रेक कामाला लागायच्या आत मागची चाकं जाम होतात, आणि रिकामी गाडी तांबड्या चिखलावर मागून फिरते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल राखून सिलिंडरचं माप निवडा, आणि पहिली चाचणी मोकळ्या मैदानात घ्या.

भंगारातला एक्सल घेताना मी पुढच्या तपासणीला वेळ काढतो. खालचा बोल्ट उघडून तेल बोटावर घ्यायचं. काळं चालेल. चमचमणारी बारीक धूळ थोडी चालेल. टोचणारे तुकडे असतील तर तिथंच सोडून यायचं. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बेअरिंग गेलेली समजा. मग एक चाक फिरवून बघायचं: दुसरं उलट दिशेला फिरलं पाहिजे. दोन्ही एकाच दिशेला फिरली आणि आत लॉक नसेल, तर कुणीतरी डिफरन्शियल वेल्डिंगनं जाम केलंय. पिनियन मुठीत धरून वर-खाली हलवायचा. तिथं प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नको. क्राउन आणि पिनियनच्या दातांमध्ये मात्र बारीक फट हवीच, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर, आणि ती अंदाजानं नाही, डायलवर बघायची. शेवटी दातांवर रंग लावून फिरवायचं. रंग दाताच्या मधोमध पुसला गेला तर शिम, म्हणजे जुळवणीच्या पातळ चकत्या, बरोबर बसलेत.

आमचा दुसरा एक्सल जीपच्याच कुळातला, कोल्हापूरच्या बाजूनं आला. डबा उजवीकडे, रेशो ५.३८, म्हणजे पुढच्याला हात लावावा लागला नाही. पाट्यांच्या बैठका मात्र थोड्या आत होत्या, त्या नव्यानं वेल्ड केल्या. हे काम गाडी स्टँडवर असताना पुरं करू नका. बैठका सुट्या ठेवून एक्सल पाट्यांवर बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मागे नेहमीएवढं वजन ठेवा, पिनियनचा कोन ट्रान्सफर केसच्या कोनाला समांतर करा, मग नुसते टिपके मारा. त्यानंतर एक्सल काढून पुरं वेल्डिंग, तेही थोडं इकडे थोडं तिकडे, नळी तापून वाकू नये म्हणून. मेस्तांनी मागे सुपारीची सहा पोती ठेवायला लावली, तेव्हा पाटे जवळजवळ चार बोटं खाली बसले आणि पिनियनची नजर बदललेली डोळ्यांनी दिसली.

कागदांचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांतही ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे. त्याच जातीचा एक्सल बसवणं आणि वेगळ्या गाडीचा कापून बसवणं यात म्हणूनही फरक पडतो. दुसरा मार्ग धरणार असाल तर वेल्डिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

आणि गोव्यात राहायचं तर ब्रीदर. हाऊसिंगच्या वर एक छोटी नळी असते, आतली तापलेली हवा बाहेर जायला. ती गंजून बुजली, की गरम एक्सल पावसाच्या पाण्यात शिरल्यावर आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि फेरीच्या धक्क्यावर खारं पाणी चाकाला लागणाऱ्या मुलखात ही नळी रबरी पाइपनं चासीच्या वरपर्यंत नेलेली बरी. तेल हायपॉइड दातांना चालणारं, जीएल-५, नव्वद नंबरचं.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर आम्ही ते तेल बदललं आणि यू-बोल्ट पुन्हा आवळले. चारांपैकी तीन अर्धा फेरा फिरले. आता मामा चोर्ल्याहून परत आले, की अंगणात गाडी थांबवून आधी मागच्या दोन्ही हबांवर तळहात ठेवतात. हात ठेवून दहापर्यंत मोजता आलं आणि दोन्हीकडे सारखंच कोमट लागलं, तर मग ते पोती उतरवायला हाक मारतात.